बंद ताटीबाहेर उभे कोण?

दहावीचा निकाल हा मध्यमवर्गीय भारतीय घरातील एक छोटा सणच असतो. देवापुढे ठेवलेली गुणपत्रिका, शेजारीपाजारी वाटले जाणारे पेढे, शाळेतील सत्कार आणि आजीआजोबांच्या डोळ्यांतील पाणी हे दृश्य महाराष्ट्रात जसे दिसते तसेच ते उत्तर प्रदेशातही दिसते. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत एक मुलगी ६०० पैकी ५९१ गुण मिळवून संपूर्ण राज्यात पहिली आली. लक्षावधी परीक्षार्थींमधून मिळवलेले हे यश. तिचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता समाजमाध्यमांवर एका वेगळ्याच विषयाची चर्चा सुरू झाली. तिच्या गुणांची नव्हे, तर तिच्या चेहऱ्यावरील केसांची! अनोळखी लोकांनी तिच्या रूपावर विनोद केले, तिच्या छायाचित्राची विटंबना केली, फुकटचे सल्ले दिले. तिच्या बाजूनेही पुष्कळ लोक उभे राहिले आणि त्या मुलीनेही या साऱ्याला धैर्याने तोंड दिले, हे खरे. परंतु ज्या दिवशी तिने सत्कार स्वीकारायचा, त्याच दिवशी तिला स्वतःच्या दिसण्याविषयी बोलावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

या प्रसंगात विचार करण्यासारखी गोष्ट त्या मुलीविषयी नाही, तिची थट्टा करणाऱ्यांविषयी आहे. ती कोणा गुन्हेगारी टोळीची माणसे नव्हती. शत्रुराष्ट्राने पेरलेले हस्तकही नव्हते. ते कोणाचे तरी मुलगे होते, भाऊ होते, मामा-काका होते. त्यांतील अनेकांच्या घरी त्याच सुमारास एखाद्या मुलीचा दहावीचा निकाल लागलेला असेल. नवरात्रात कन्यापूजन करणाऱ्या घरातील बोटांनीच ती वाक्ये टंकित केली असतील. सायबर छळाची चर्चा होते तेव्हा प्रत्येक पालकाच्या मनात पहिली धास्ती उमटते ती अशी की, 'माझ्या मुलाला कोणी छळत तर नसेल?' ही धास्ती रास्तच आहे. परंतु प्रत्येक छळलेल्या मुलामागे छळणारे कोणी तरी असते आणि तेही कोठल्या तरी घरातच वाढलेले असते. त्यामुळे दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न असा की, 'माझा मुलगा, माझी मुलगी कोणाला छळत तर नसेल?' हा प्रश्न घराघरांत विचारला जात नाही, तोपर्यंत या रोगाचे मूळ सापडणार नाही.

मुलांनी एकमेकांना चिडवणे काही नवे नाही. रूपावरून, रंगावरून, आडनावावरून, तोतरेपणावरून चिडवण्याचे प्रकार प्रत्येक पिढीने पाहिले आहेत आणि त्याचे व्रणही अनेकांनी आयुष्यभर वागवले आहेत. पण त्या छळाला एक कुंपण होते. शाळेची घंटा वाजली, दप्तर घेऊन मूल घराच्या उंबरठ्याच्या आत आले की, ते सुरक्षित असे. चिडवणाऱ्याचा चेहरा समोर दिसत असे, ऐकणारे दहा-वीसच असत आणि सुट्टीनंतर नवा वर्ग सुरू झाला की जुने टोपणनाव विसरलेही जाई. भ्रमणध्वनीने हे कुंपणच उखडून टाकले. आता छळणारा मुलाच्या उशाशी येऊन बसला आहे. रात्री अकरा वाजता वर्गाच्या गटावर एखादे विकृत केलेले छायाचित्र येते, त्यावर चाळीस जण हसण्याची चिन्हे टाकतात आणि सकाळी शाळेच्या फाटकातून आत शिरणाऱ्या मुलाला ठाऊक असते की, प्रत्येकाने ते पाहिलेले आहे. कोणी खोट्या नावाचे खाते उघडून मैत्रीचे नाटक करतो, गुपिते काढून घेतो आणि त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट गावभर फिरवतो. कोणी काहीच करत नाही, फक्त एका मुलीला वगळून बाकीच्यांचा नवा गट करतो आणि तिला ते कळेल अशी व्यवस्था ठेवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर शाळेच्या स्नेहसंमेलनातील साध्या छायाचित्रातून अश्लील चित्र बनवणे काही मिनिटांचे काम करून ठेवले आहे. पुसून टाकले तरी ते कोणाच्या तरी फोनमध्ये शिल्लक असणारच, ही जाणीव त्या मुलीची पाठ सोडत नाही.

पौगंडावस्थेतील मनाला हे ओझे का पेलत नाही, हे समजून घेण्याची आवश्यकता आहे. या वयात आईवडिलांच्या मतापेक्षा सोबत्यांचे मत मोठे वाटू लागते. ती निसर्गाचीच योजना आहे. भावनांचा वेग वाढलेला असतो, पण त्यांना आवर घालणारा, दूरचा विचार करणारा मेंदूचा भाग पूर्ण परिपक्व व्हायला विशीचा मध्य उजाडावा लागतो. प्रौढ माणूस 'चार दिवसांनी लोक विसरतील' अशी स्वतःची समजूत घालू शकतो. चौदा वर्षांच्या मुलाला ते चार दिवस म्हणजेच सारे आयुष्य वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मानसिक विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश विकार वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी आणि निम्मे अठराव्या वर्षापूर्वी सुरू झालेले असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. या प्रत्येक मृत्यूमागे सायबर छळ होता असे म्हणणे चुकीचे ठरेल. आत्महत्येला एकच एक कारण क्वचितच असते. आजार, अभ्यासाचा ताण, घरातील कलह अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात. मात्र आधीच वाकलेल्या मनावर सार्वजनिक अपमानाचा भार पडला की काय होते, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

यातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे तो मुलांच्या मौनाचा. मूल जेवत नाही, रोज सकाळी पोट दुखते म्हणते, फोन वाजला की दचकते, एकाएकी शाळा नको म्हणते. पण कारण सांगत नाही. का सांगत नाही? कारण त्याला घरचे उत्तर आधीच पाठ असते. 'आण तो फोन इकडे', हे पहिले वाक्य आणि 'तूच काही तरी केले असशील', हे दुसरे. पहिल्या वाक्याने त्याचे उरलेसुरले मित्र तुटतात, दुसऱ्याने उरलेसुरले घर तुटते. मुलींच्या बाबतीत यात अब्रूची भीती मिसळते. छायाचित्र बनवले दुसऱ्याने, लाज मात्र बाळगायची हिने, असा हा उलटा न्याय आहे. छळणाऱ्याचे खरे बळ त्याच्या फोनमध्ये नसते, छळल्या जाणाऱ्याच्या घरातील या भीतीत असते.

आणि छळणारे कोण असतात? अमेरिकेतील मिसुरी राज्यात २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, चौदावा वाढदिवस काही आठवड्यांवर आलेला असताना एका मुलीने आपले जीवन संपवले. ज्या मुलाशी आंतरजालावर तिची मैत्री झाली होती आणि ज्याने नंतर तिचा अपमान केला, तो मुलगा अस्तित्वातच नव्हता. ते खोटे खाते उघडण्यात त्याच परिसरात राहणाऱ्या एका प्रौढ स्त्रीचा, तिच्या जुन्या मैत्रिणीच्या आईचा सहभाग होता. त्या वेळी अशा कृत्याला नेमके लागू पडेल असे कलमच कायद्यात नव्हते. ज्युरीने दिलेला दोषनिर्णय २००९ मध्ये न्यायाधीशांनी रद्द केला. दरम्यान २००८ मध्ये राज्याला आपला कायदा सुधारावा लागला. ही अमेरिकेतील कुटुंबव्यवस्थेची शोकांतिका आहे, असे म्हणून येथील समाजाने हात झटकण्याचे कारण नाही. मे २०२० मध्ये देश टाळेबंदीत असताना राजधानी दिल्लीतील नामवंत शाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांचा एक इन्स्टाग्राम गट उघडकीस आला. आपल्याच वयाच्या मुलींची छायाचित्रे तेथे टाकली जात आणि त्यांच्याविषयी लिहिवणार नाही असे लिहिले जाई. या मुलांना शिक्षणाची, पैशाची, सुखसोयींची कोणतीच वाण नव्हती. मग उणीव कशाची होती?

या प्रश्नाला 'संस्कारांची' असे उत्तर तत्काळ दिले जाते आणि ते बरोबरही आहे. मात्र संस्कार हा शब्द उच्चारणाऱ्यांवर त्या शब्दाची जबाबदारीही येते. संस्कार उपदेशाने होत नाहीत, अनुकरणाने होतात, हे बालशिक्षणाचे पहिले सूत्र आहे. संध्याकाळी शुभंकरोती म्हणून घेणारे वडील रात्री जेवणानंतर फोनवर काय वाचून मोठ्याने हसतात, हे मूल पाहत असते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या स्त्रीच्या देहयष्टीवर, कोणाच्या व्यंगावर, कोणाच्या जातीवर केलेला विनोद आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांकडे एकाच वेळी पोहोचतो. मतभेद असलेल्या माणसाला शिवी घालायची असते, त्याच्या बायकामुलींचा उद्धार करायचा असतो आणि असे करणे म्हणजे शौर्य होय, हा धडा मुले कोणत्याही विदेशी मालिकेतून शिकत नाहीत; घरातील मोठ्यांच्या पडद्यावरून शिकतात. या पापात सर्वच पक्षांचे आणि विचारसरणींचे लोक सहभागी आहेत. परंतु दुसऱ्यांचा वाटा मोजून स्वतःचा वाटा कमी होत नाही.

राष्ट्रीय विचारांच्या परिवारात हे स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लीम स्त्रियांची छायाचित्रे आंतरजालावर 'लिलावा'साठी मांडण्याचा अत्यंत किळसवाणा प्रकार उघड झाला. पोलिसांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून ज्यांना पकडले, त्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. एक तरुणीही होती. त्या स्त्रियांची मते काय होती, त्यांचा धर्म कोणता होता, हे प्रश्न येथे पूर्णतः गैरलागू आहेत. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवणाऱ्या शिवरायांची कथा शाखेत, शिबिरात, घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती कथा ऐकत वाढलेल्या समाजात परस्त्रीच्या विटंबनेला धर्माभिमानाचे नाव कोणी देत असेल, तर तो धर्माचाही अपमान आहे आणि शिवरायांचाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. दुसऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे म्हणजे ते तप. गीता जयंतीला पठणाची स्पर्धा घेणाऱ्यांनी या व्याख्येत आपले फोनवरील बोलणे बसते काय, हे एकदा तपासून पाहावे. आपल्या बाजूचा आहे म्हणून ज्याच्या गलिच्छ भाषेकडे आज डोळेझाक केली जाते, तोच तरुण उद्या वर्गातील मुलीला, महाविद्यालयातील कनिष्ठ विद्यार्थ्याला, कदाचित स्वतःच्या पत्नीलाही त्याच भाषेने जखमी करणार आहे. जिभेला लागलेले वळण माणूस पाहून बदलत नाही.

छळणारा एक असतो आणि पाहणारे शंभर असतात, ही या प्रश्नाची आणखी एक बाजू. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना करणारे मोजकेच होते; परंतु त्या सभेला कलंक लागला तो मान खाली घालून बसलेल्या ज्येष्ठांमुळे. भीष्म-द्रोणांसारखे पराक्रमी गप्प राहिले आणि कौरवांपैकीच असलेला तरुण विकर्ण मात्र उठून बोलला. आजच्या वर्गाच्या गटातही असे एका विकर्णाचे काम असते. 'हे चूक आहे, काढून टाक', एवढे चार शब्द एखाद्याने लिहिले, तर पुष्कळदा हसणाऱ्यांचा घोळका विरघळतो. तेवढे धैर्य नसेल, तर निदान ते चित्र पुढे न पाठवणे आणि छळलेल्या सोबत्याला एकांतात 'मी तुझ्याबरोबर आहे' एवढे सांगणे प्रत्येकाला शक्य आहे. मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगताना शौर्याचा हा प्रकारही सांगायला हवा. तलवारी उपसण्याचे प्रसंग आयुष्यात क्वचितच येतात, विकर्ण होण्याचे मात्र रोज येतात.

कायदा काय करतो, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. 'सायबर छळ' अशा नावाचे एकच सर्वसमावेशक कलम भारतीय कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम मोघम असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. तरीही दुसऱ्याच्या नावाचा गैरवापर, खासगी अंगाची छायाचित्रे काढणे वा पसरवणे, अश्लील मजकूर प्रसृत करणे हे त्याच कायद्यातील गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीचा आंतरजालावरून पाठलाग करणे व धमकावणे यांना शिक्षा आहे आणि बालकांच्या लैंगिक छळासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यासच मनाई केली. तो प्रयोग कितपत यशस्वी होतो, याकडे जगाचे लक्ष आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत असा समुपदेशक आहे काय, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे आणि पालक सभेत शुल्कवाढीइतक्याच आग्रहाने तो वापरला गेला पाहिजे. मात्र कायदा येतो तो घाव बसल्यानंतर. शिवाय घाव घालणारा जेव्हा स्वतःच पंधरा वर्षांचा असतो, तेव्हा तुरुंग हे त्याच्यावरील उत्तर असूच शकत नाही.

मग उत्तर कोठे आहे? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याची एक दिशा दाखवली आहे. ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला आणि त्यानंतर दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी बंद राहू लागले. मुले अभ्यासाला बसली, घरातील माणसे एकमेकांशी बोलू लागली. या उपक्रमाचे मर्म एवढेच की, भोंगा केवळ मुलांसाठी वाजत नव्हता. वडिलांचाही फोन बंद झाला, आईचीही मालिका बंद झाली. जो नियम मोठे पाळत नाहीत, तो मुलांना जुलूम वाटतो आणि जो सगळे पाळतात, त्याची घराला सवय होते. कुटुंब प्रबोधनाचा विषय घेऊन घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा साधा मंत्र बरोबर न्यावा. आठवड्यातून एकदा सहभोजन, त्या वेळी सर्वांचे फोन एका टोपलीत आणि जेवताना मुलांना उपदेश न करता त्यांचे नुसते ऐकून घेणे. मैदानावर रोज तासभर एकमेकांना भिडणाऱ्या, पडणाऱ्या, हात देऊन उठवणाऱ्या मुलांना सोबत्याचा चेहरा दिसतो. तो चेहरा एकदा ओळखीचा झाला की, त्याच्यावर पडद्याआडून दगड मारणे अवघड जाते.

मूल छळाला बळी पडत असल्याचे कळले, तर सर्वप्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा. फोन हिसकावू नये, संदेश घाईने पुसू नयेत. ते पुरावा म्हणून जपून ठेवावेत, पाठवणाऱ्याला रोखावे आणि शाळेला लेखी कळवावे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक व केंद्रीय गृह मंत्रालयाचे तक्रार संकेतस्थळ आहे. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाने खचलेल्या कोणासाठीही १४४१६ या क्रमांकावर शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यात लाज नाही, तशी मन आजारी पडल्यावर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यातही नाही. आणि आपले मूलच छळणारे निघाले तर? तेव्हा खरी कसोटी लागते. 'लहान आहे, गंमत केली', असे म्हणून पांघरूण घालणे सोपे असते. मुलाला मारझोड करून सुटका करून घेणे त्याहून सोपे. त्याचा हात धरून त्या दुसऱ्या घरी जाणे, त्याच्याबरोबर स्वतःही क्षमा मागणे आणि हे वळण त्याला कोठून लागले याचा स्वतःच्या घरात शोध घेणे हे अवघड आहे. परंतु जो हे करील, त्याने दोन मुले वाचवली असतील.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. सातशे वर्षांपूर्वी आळंदीत चार भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून समाजाने असेच हिणवले होते. परंपरा सांगते की, लोकांच्या टोचून बोलण्याने उद्विग्न झालेल्या ज्ञानदेवांनी एके दिवशी कुटीची ताटी लावून स्वतःला आत कोंडून घेतले. तेव्हा धाकटी मुक्ताई त्या ताटीबाहेर उभी राहिली. तिने दार फोडले नाही, दटावले नाही, 'एवढ्याशा बोलण्याने काय होते' असेही म्हटले नाही. भाऊ कोण आहे आणि जगाला त्याची किती गरज आहे, याची आठवण देत ती दार उघडेपर्यंत विनवत राहिली. ताटीचे अभंग जन्माला आले ते असे. त्या दिवशी ती ताटी उघडली नसती, तर मराठी समाज केवढ्या ठेव्याला मुकला असता!

आज गावोगावी, सदनिकासदनिकांत अशा अनेक ताट्या आतून बंद आहेत. त्यांमागे फोनच्या निळसर उजेडात एखादे मूल एकटे बसले आहे. त्याला जगाच्या दगडांपासून वाचवायला कायदा येईल, पोलीस येतील, पण उशिरा येतील. त्याआधी दाराशी घरातील कोणी तरी उभे असले पाहिजे. आणि आजवर त्या दारावर पडलेल्या दगडांतील एखादा आपल्याच घरातून गेलेला नाही ना, याची खात्री करून घेतल्यानंतरच त्याला ताटी उघडण्याची विनवणी करण्याचा अधिकार प्राप्त होतो.